‘माका’खालची लाल रेघ

आदरणीय बाई,

मी सिंधुदुर्गातल्या एका अध्यापक विद्यालयात गेल्या वर्षीपासून मराठी शिकवते. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे बावीस जण आहेत, त्यांत सतरा मुली. उद्या हीच मुलं पहिली-दुसरीच्या वर्गावर उभी राहणार. पण त्यांना स्वतःच्या मनाने दहा ओळी लिहायला सांगितल्या की ती मोबाइल काढतात, नाहीतर गेल्या वर्षीच्या मुलींच्या फाइली. पाठांची टाचणं उतरवलेली, निबंध उतरवलेले. सरावपाठाच्या शाळेतही तेच दिसलं. चौथीतली मुलं फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवतात, पण ‘काल काय केलंस ते लिही’ म्हटलं की पेन्सिल थांबते. एका मुलाने लिहिलं होतं, ‘माका पावसात भिजूक आवडता.’ आमच्या छात्राध्यापिकेने ‘माका’, ‘भिजूक’ आणि ‘आवडता’ या तिन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. पुढच्या आठवड्यात त्या मुलाने वही कोरीच दिली. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. आधी सगळ्यांचं शुद्धलेखन पक्कं करून घेऊ का? त्यात फाइली पूर्ण करण्याचा ताण आहेच. आणि परवा त्याच छात्राध्यापिकेने मला विचारलं, ‘मॅडम, मलाच लिहिता येत नाही, मी काय शिकवणार?’ तिला काय उत्तर देऊ?

एक अध्यापिका, कुडाळ तालुका

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या कोऱ्या वहीपाशी थांबले आणि पुढे सरकायला मला बराच वेळ लागला. तशी एक वही माझ्याही खात्यावर आहे.

मी एकवीस वर्षांची असताना गुहागर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. चौथीतल्या मुलांना मी ‘माझे वडील’ हा निबंध दिला. सगळ्यांनी सारखाच लिहून आणला, ‘माझे वडील फार प्रेमळ आहेत’ या वळणाचा. एका खारव्याच्या मुलाने मात्र पाऊण पान भरून आणलं. अक्षर रेघ सोडून गेलेलं, जोडाक्षरं मोडलेली. मी लाल पेनाने एकेक चूक काढली, खाली ‘१९ चुका’ असं लिहिलं आणि वही परत दिली. आपण फार मन लावून तपासलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या पाऊण पानात काय होतं, ते मला त्याच्या आईने दोन महिन्यांनी सांगितलं. वडिलांची होडी एका रात्री वेळेवर परतली नव्हती. आई कंदील घेऊन बंदरावर बसली होती आणि हा तिचा पदर धरून तिथेच झोपला होता. मी ते पान वाचलंच नव्हतं, मी फक्त चुका वाचल्या होत्या. वार्षिक परीक्षेत त्याने तीन वाक्यं लिहिली. तिन्ही शुद्ध, तिन्ही पाठ केलेली.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, शुद्धलेखन पक्कं होईपर्यंत थांबू नका. आधी तुमच्या बावीस जणांना लिहितं करा. या मुलांनी शाळा-कॉलेजात हजारो पानं उतरवली असतील. पण आपलं काही सांगायचं आहे आणि समोरच्याने ते वाचावं, म्हणून किती ओळी लिहिल्या असतील? ज्याने कधी पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, हातात धरला नाही, तो काठावर उभा राहून दुसऱ्याला पाग फेकायला काय शिकवणार? तुमच्या त्या मुलीने हाच प्रश्न विचारला आहे. ती प्रामाणिक आहे. बाकीचे एकवीस जण तेच मनात ठेवून गप्प आहेत, एवढंच.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर त्याकडे जरा लांबून पाहायला हवं. आपण ज्या नियमांनी लाल रेघा मारतो, त्यांतले पहिले १४ नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि शासनाने ते १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ असं लिहिणं शुद्ध होतं. माझ्या आजोबांची जुनी पत्रं माझ्याकडे आहेत. आजचे नियम लावले तर त्यांच्या प्रत्येक ओळीत मला रेघ मारावी लागेल. म्हणून आजोबा काही अशुद्ध लिहीत नव्हते. तुमच्या वर्गाला असं एखादं जुनं पत्र दाखवा. देवघरातल्या जुन्या पोथीच्या कोऱ्या पानांवर, घराच्या दस्तऐवजात, कुठेतरी सापडेलच. नियम माणसांनी ठरवले, पुन्हा बदलले आणि सगळ्यांना एकमेकांचं वाचता यावं म्हणून आपण ते पाळतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलांच्या मनातली शुद्धलेखनाची धास्ती जाते. मग ते शिकायला जड जात नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, ‘पाणी’, ‘वही’, ‘वस्तू’, हा एक नियम नीट बसला तरी चुकांचा बराच पसारा आवरतो. पण तो शिकवायची वेळ कोणती? मुलांनी लिहिलेलं भिंतीवर लागणार असतं, गावातली माणसं ते वाचणार असतात, त्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा मुलं स्वतःच विचारतात, ‘बाई, हे बरोबर आहे ना?’

आता लिहितं करायचं कसं?

१९७४ साली अमेरिकेत, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, जेम्स ग्रे यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांमधल्या शिक्षकांना एकत्र बोलावलं. तिथे शिक्षकांनी स्वतः लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं आणि आपापल्या वर्गात काय जमलं ते इतर शिक्षकांना शिकवायचं, अशी रीत होती. तिचाच पुढे त्यांच्या देशभर राष्ट्रीय लेखन प्रकल्प झाला. त्यांच्याकडची साधनं वेगळी, वर्ग वेगळे. पण लेखन शिकवणाऱ्याने लिहिलं पाहिजे, हा त्यामागचा विचार कुडाळच्या वर्गातही तितकाच खरा आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आठवड्यातले दोन तास धरा. पहिली वीस मिनिटं सगळे लिहितील. तुम्हीसुद्धा, ताई. टेबलाशी बसून हजेरी भरायची नाही, त्यांच्यातच बाकावर बसून लिहायचं. मग पहिल्यांदा तुम्ही वाचून दाखवायचं, खोडाखोडीसकट. तुमचं अडलेलं वाक्य त्यांनी ऐकलं पाहिजे. मराठीच्या बाईंनाही वाक्य दोनदा खोडावं लागतं, हे मी अध्यापक विद्यालयात गेले तेव्हा मला कुणी दाखवलं असतं, तर माझी कितीतरी वर्षं वाचली असती.

विषय मोठे देऊ नका. ‘पर्यावरण’, ‘स्त्रीशिक्षण’ असलं काही दिलं की मोबाइल निघणारच, कारण त्यावर त्यांच्याकडे स्वतःचं असं काही नसतं. पहिल्या आठवड्यात मी देत असे तो विषय सांगते: ‘आमच्या घरात कोण कोण काय लिहितं?’ सुरुवातीला मुली म्हणतात, आमच्या घरात लिहिणारं कुणी नाही. मग एकेक आठवायला लागतं. काकांकडे रापणीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढलेल्या जाळ्यातल्या मासळीच्या, वाटणीची वही असते. बाबा आंब्याच्या पेट्यांवर नंबर आणि डझन घालतात. आई बचत गटाचा हिशेब ठेवते. आजीला सही येत नाही, पण ती कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या मारते आणि त्या फुल्या फक्त तिलाच वाचता येतात. आजीची फुली हेसुद्धा लेखनच, हे कळलं की पहिलीतल्या मुलाच्या वहीतल्या वेड्यावाकड्या रेघांकडे ती छात्राध्यापिका वेगळ्या नजरेने बघते. पहिलीतलं मूल शाळेत येतं तेव्हा ते कोरं नसतं. एसटीची पाटी, देवळाच्या पायरीवर कोरलेली नावं, बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र आणि अक्षर, हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. त्यातलं काय त्याच्या ध्यानात आलं आहे, हे शोधण्यापासून शिकवणं सुरू होतं.

आता त्या ‘माका’कडे वळू. यावर मला जास्त बोलायचं आहे.

मी मूळची मालवणकडची. वडील मुंबईला गिरणीत होते, तेव्हाच्या अर्ध्या कोकणासारखे. आईला लिहिता येत नव्हतं. पत्राला आमच्याकडे कागद म्हणत. कागद लिहायचा झाला की ती मला कडेवर घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे जाई. ती सांगायची, ‘तुमची आठवण येता. चेडवाक ताप इल्लो, आता बरां आसा. घाई करून येव नकात.’ म्हणजे मुलीला ताप आला होता, आता बरं आहे, घाई करून येऊ नका. आणि गुरुजी लिहायचे, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवावी.’ गुरुजी फार चांगले होते. त्यांनी गावातल्या कितीतरी बायकांचे कागद लिहिले, मनिऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या, कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पण वडील शिमग्याला आले तेव्हा आईला म्हणाले, ‘कागद गुरुजींचो इलो, तुजो नाय इलो.’ हे वाक्य आई म्हातारपणापर्यंत सांगायची.

त्या मुलाने जे लिहिलं तो त्याचा स्वतःचा कागद होता. रेघ पडली आणि तो परत गुरुजींचा झाला.

तुमच्या छात्राध्यापिकेला रागावू नका. तिलाही असंच शिकवलं गेलं आहे. तिला ते वाक्य फळ्यावर लिहायला लावा आणि सगळ्या वर्गाला विचारा, यात नियम कोणता आहे? ‘माका, तुका, तेका’ आणि ‘मला, तुला, त्याला’. ‘खेळूक, जेवूक, भिजूक’ आणि ‘खेळायला, जेवायला, भिजायला’. ‘आवडता’ आणि ‘आवडतं’. त्या मुलाने तीन ठिकाणी मालवणीचं व्याकरण अचूक पाळलं आहे. त्याला ते कुणी शिकवलं नाही, त्याने आईच्या बोलण्यातून ते उचललं. एवढं व्याकरण ज्याच्याकडे आहे त्याला प्रमाण मराठीचं वळण शिकायला कितीसा वेळ लागणार? पण त्याआधी त्याला कळलं पाहिजे की त्याच्याकडे आहे ते चुकीचं नाही.

प्रमाण मराठी शिकवायचीच आहे. पुढे अर्ज लिहायचे आहेत, परीक्षा द्यायच्या आहेत, मुंबई-पुण्याच्या ऑफिसात बोलायचं आहे. ‘तुझी बोली गोड आहे’ म्हणून मुलाला तिथेच सोडून देणं हाही अन्यायच. तेव्हा त्या वाक्याशेजारी दुसरं वाक्य लिहायचं. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे घरचं, उजवीकडे शाळेचं. डावीकडे ‘माका पावसात भिजूक आवडता’ आणि उजवीकडे ‘मला पावसात भिजायला आवडतं’. डावीकडचं खोडायचं नाही. चारपाच वाक्यं झाली की मूल स्वतःच सांगतं, ‘बाई, जिथे माका तिथे मला.’ हे त्याला सापडलेलं व्याकरण असतं, ते विसरत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून, मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. कुणी वरिष्ठांनी वही पाहून विचारलं, तर छात्राध्यापिकेने हे सांगायला बिचकू नये.

आणि बोलीतल्या रचना वापरा. आपल्याकडे देवाला घालायचं गाऱ्हाणं आहे. गाऱ्हाण्याची बांधणी किती नेटकी असते बघा. आधी देवाला हाक, मग काय झालं ते, मग काय हवं ते, आणि प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’. अर्जाची बांधणी याहून वेगळी काय असते? मी एका वर्षी माझ्या छात्राध्यापकांना सांगितलं, मुलांकडून शाळेचं गाऱ्हाणं लिहून घ्या. तिसरी-चौथीच्या पोरांनी लिहिलं, ‘बा देवा म्हाराजा, आमच्या शाळेची कौलां फुटली हत, पाऊस आत येता, ती लवकर बदलून मिळू दे रे म्हाराजा.’ मागून सगळा वर्ग ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’ पुढच्या तासाला त्याच मजकुराचा सरपंचांना अर्ज केला. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’ कुठे येतं, हे सांगायला दहा मिनिटं लागली, कारण काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने, हे मुलांकडे तयार होतं. तो अर्ज मुलांनी स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन दिला. आपण लिहिलेलं कुणीतरी खुर्चीवर बसून वाचतंय, हे पाहतानाचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

लहान शाळांबद्दल एक सांगते, कारण तुमच्या मुलांची नेमणूक बहुधा तशाच शाळांत होईल. पट बारा-पंधरा, दोन शिक्षक, चार इयत्ता एका खोलीत. पाठ्यपुस्तक चार वर्गांना चार वेगळं, त्यामुळे शिक्षकाची धावपळ होते. लेखनाला मात्र ही अडचण नाही. पहिलीतलं मूल चित्र काढून सांगेल आणि शिक्षक त्याच्यासमोर त्याचंच वाक्य खाली लिहील. दुसरीतलं दोन शब्द लिहील, चौथीतलं अर्धं पान. विषय एकच, ‘आज शाळेत येताना काय दिसलं’. आणि थोरलं मूल धाकट्याचं ऐकून लिहून घेऊ शकतं. हे छात्राध्यापकांना सरावपाठातच करायला मिळालं पाहिजे. नाहीतर ते एका इयत्तेचा आदर्श पाठ घोकून जातात आणि पहिल्याच दिवशी चार इयत्ता समोर पाहून गांगरतात.

मुलाच्या भोवतालातून शिकवणं ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला, समुद्राकाठीच, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात तर या दोघी शाळा मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. महागडी साधनं नव्हती, तेव्हा बिया, पानं, शिंपले घेऊन शिकवलं. तुमच्या मुलांना शक्य झालं तर एकदा कोसबाडला घेऊन जा. लांब आहे, पण एका सहलीच्या खर्चात होईल.

आता थोडं तांत्रिक, पण याशिवाय भागणार नाही. लिहितं करा म्हणजे अक्षरं शिकवू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. देवनागरी शिकायला काही ठिकाणी खरंच अवघड आहे, आणि कुठे अवघड आहे ते शिक्षकाला माहीत हवं. ‘कि’ बोलताना आधी ‘क’ ऐकू येतो, पण वेलांटी काढायची त्याच्या डावीकडे. लहान मूल ती उजवीकडे काढतं, कारण ते कानाशी इमान राखतं. ‘सूर्य’मध्ये ‘र’ आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून मूल ‘सुरय’ लिहितं. ही चूक नीट पाहा. त्यात मुलाने प्रत्येक आवाज ओळखला आहे, फक्त रफाराची रीत त्याला अजून कुणी दाखवलेली नाही. याच वर्गात दुसरं मूल ‘सूर्य’ अचूक उतरवतं, पण त्यातला ‘र’ कुठे आहे विचारलं तर सांगता येत नाही. लेखनात कोण पुढे आहे? माझ्या मते पहिलं. तुमच्या छात्राध्यापकांना अशा वीस-पंचवीस खऱ्या चुका गोळा करायला लावा आणि प्रत्येकीपुढे लिहायला सांगा, मुलाने असं का लिहिलं असेल. लाल पेन आपोआप हातातून सुटतं.

आणि मुळाक्षरं क, ख, ग, घ याच क्रमाने संपवून मग बाराखडी आणि मग कधीतरी शब्द, हा रस्ता फार लांबचा आहे. ‘ङ’ आणि ‘ञ’ घोकून मुलाला काय लिहिता येतं? फलटणला १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी वेगळी मांडणी केली. थोडी अक्षरं आणि थोड्या मात्रा बरोबरीने शिकवायच्या, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मुलाला त्यांतून अर्थाचे शब्द करता येतात. तुमच्या वर्गात हा प्रयोग करा. पाच-सहा अक्षरं आणि एक काना घ्या आणि आपल्याकडच्या मुलाच्या तोंडातले किती शब्द त्यांतून होतात ते छात्राध्यापकांना शोधू द्या. कुडाळच्या मुलासाठी निवडलेली अक्षरं आणि तिकडे वाडा तालुक्यातल्या मुलासाठी निवडलेली अक्षरं एकच असायला हवीत, असं कुठे आहे?

वाड्यावरून आठवलं. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या इयत्तांतल्या मुलांचं वाचन-लेखन काही वर्षं मागोवा घेत पाहिलं. तुम्ही सरावशाळेत जे पाहिलंत तेच त्यांनाही दिसलं. लेखनाच्या नावाखाली वर्गात मुख्यतः उतरवणं चालतं आणि मुलाला स्वतःचं काही लिहायची संधी फार थोडी मिळते. म्हणजे हा तुमच्या एका विद्यालयाचा दोष नाही. उलट लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञानासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाल्यापासून सगळ्यांचं लक्ष वाचनाच्या वेगावर आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात म्हटलं आहे. वाचन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण शब्द मोजता येतात म्हणून ते मोजले जातात आणि लेखन मागे राहतं. मुलाने स्वतः लिहिलेलं वाक्य ते स्वतः न अडखळता वाचतं, हे तुम्ही एकदा करून बघा. त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

फाइलींचं सांगते. त्यांच्याशी भांडण काढू नका, वेळ जातो. प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा आणि एवढंच मागा: प्रत्येक छात्राध्यापकाने सरावशाळेतलं एक मूल निवडायचं, फक्त एक, आणि वर्षभर त्याच्या लेखनाशेजारी बसायचं. महिन्यातून दोनदा त्या मुलाच्या पानाचा फोटो किंवा नक्कल, त्याखाली तारीख आणि तीन ओळी. काल त्याला काय येत नव्हतं, आज काय आलं, आता मी काय करणार. व्यक्ती-अभ्यासाची फाइल तशीही भरावी लागते, ती हीच. ही गेल्या वर्षीच्या मुलीची उतरवता येत नाही, कारण ते मूल वेगळं आहे. टाचणांचंही असंच करा. टाचण छापील नमुन्यात राहू दे, पण पाठ झाल्यावर मागच्या बाजूला ‘ठरवलं काय होतं आणि झालं काय’ हे सहा ओळींत लिहायचं. तुम्ही वाचताना ती मागची बाजू वाचा आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहा. शेरा नको, गुण नकोत, एकच खरा प्रश्न. ‘तो गप्प बसला तेव्हा तू काय केलंस?’ असा. बावीस जणांचं एवढं वाचायला आठवड्याला दोन-अडीच तास जातील. ते मला माहीत आहे. निबंधांचे गठ्ठे तपासण्यातले तेवढे तास कमी करा.

एक धोकाही सांगून ठेवते. पहिले दोन महिने काहीही दिसणार नाही. मुली तीनच ओळी लिहितील, वाचताना रडतील किंवा हसतील, एखादी म्हणेल, याचा परीक्षेला उपयोग काय. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे, भरतीची अभियोग्यता चाचणी आहे, त्यांची काळजी खोटी नाही. दिवाळीपर्यंत धीर धरा. गणपतीला घरी जाऊन आल्यावर लिहायला सांगाल तेव्हा पहिल्यांदा पानं भरतील, हा माझा अनुभव आहे, कारण तेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं आणि सांगायला पुष्कळ असतं.

राहिली ती मुलगी. ‘मलाच लिहिता येत नाही, मी काय शिकवणार?’ तिला समजुतीचे शब्द सांगत बसू नका, काम द्या. तिला त्या मुलाकडे पाठवा. तिने त्याच्याशेजारी जमिनीवर बसावं आणि त्याला सांगावं, ‘तू पावसात भिजण्याचं लिहिलं होतंस ना, मला ते नीट ऐकायचंय. भिजून घरी गेलास तेव्हा आवशीन, आईने, काय सांगितल्यान?’ तो बोलेल. लगेच नाही बोलला तर तिने आधी स्वतःचं सांगावं, ती लहानपणी कुठे भिजली, कुणाचा मार खाल्ला. तो बोलायला लागला की त्याच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या वहीत लिहावेत आणि बोट ठेवून त्याला वाचून दाखवावेत. मग पेन्सिल त्याच्या हातात द्यावी आणि पुढचं एक वाक्य त्याला लिहू द्यावं. त्याच संध्याकाळी वसतिगृहावर परतल्यावर तिने तिथे काय झालं ते दहा ओळींत लिहावं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला सर्वांत आधी तिने वाचावं.

पुढच्या सरावपाठाच्या तारखेची वाट बघू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून उद्याच तिला पाठवा.